निवृत्त-ट्रक-संसार-मीमांसा : कोयनानगर खंड

सातारा जिल्ह्यात फौजेतून निवृत्त होऊन आलेल्याला कोणी उपरा म्हणत नाही. इथे एका गावाच्या नावातच मिलिटरी आहे. अपशिंगे (मिलिटरी), जिथले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. पण निवृत्त सुभेदाराने पुढे काय करायचं हे ठरलेलं आहे (बँकेत वॉचमन, जमलं तर सरपंच). निवृत्त ट्रकाने काय करावं, याबद्दल शास्त्रकार गप्प आहेत. ती उणीव भरून काढणं आम्हाला भाग आहे.

विवेच्य वस्तू : शक्तिमान, फौजेचा ट्रक. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला 1959 ते 1996 या काळात बनलेला. नोकरी संपली की तो लिलावात निघतो आणि 'डिस्पोजलचा माल' होतो. त्याच्या हौद्यावर पत्र्याची खोली चढवून आत संसार थाटावा असं ज्याला वाटतं, तो गृहस्थ सहसा पन्नाशीतला असतो आणि ही बातमी बायकोला सगळ्यांत शेवटी सांगतो.

पूर्वपक्ष म्हणतो, घर असताना ट्रक कशाला? हा प्रश्न पुण्यात शोभेल, कोयनानगरात नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे इथे काय झालं ते जुन्या माणसांना विचारावं. भूकंपात दगडमातीच्या जड भिंतींनीच घात केला. त्यावर विनोद करायचा नाही. पण त्यानंतर आजतागायत जे बारीकसारीक धक्के बसतात, ते आमच्या अभ्यासाच्या कक्षेत येतात. पेपरात छोटी चौकट छापून येते : सौम्य धक्का, रिश्टर स्केलवर अमुक, धरण सुरक्षित. फळीवरच्या बरण्यांचं काय झालं, ते कोणी छापत नाही. ट्रकाला कमानपाटे असतात. जमीन हलली की पाटे दबतात, सुटतात, आणि आत झोपलेल्याला वाटतं, कोणीतरी क्लच सोडला. कूस बदलून तो पुन्हा घोरू लागतो.

मापनाचीही सोय आहे. गोठण्याला शास्त्रज्ञांनी भूकंपाच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल भोक पाडलं. आम्ही हौद्याच्या आतल्या आडव्या पाइपला तीन हुक मारतो. एकाला पळी, एकाला कालथा, एकाला झारा, अंतर चार बोटं. नुसती पळी हलली तर सौम्य. कालथा झाऱ्याला लागला तर दखलपात्र. तिन्ही वाजली तर फाळका उघडून बाहेर यावं. या मापनात एकच दोष आहे : घरातलं माणूस रागावून आत चढलं तरी आकडा तेवढाच येतो.

आता वास्तुशास्त्र, जिथे भल्याभल्यांनी हात टेकले. देव्हारा ईशान्येला, चूल आग्नेयेला, इथपर्यंत ठीक. पण कोयनानगराहून चिपळूणला निघालं की कुंभार्ली घाट लागतो. पहिल्या वळणाला चूल आग्नेयेची नैऋत्येला जाते, दुसऱ्याला देव दक्षिणेकडे तोंड करतात, पोफळीला पोचेपर्यंत घराण्याला सगळे दोष एकेकदा लागून गेलेले असतात. एक पक्ष म्हणतो, दोष लागला तसा पुढच्या वळणाला फिटला. दुसरा पक्ष म्हणतो, घाटात चूल पेटवतो कोण? आमच्या मते दुसरा पक्ष बलवान आहे, कारण त्या पक्षाकडे स्वयंपाक आहे.

कायदा मात्र वळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 121 सांगतो की ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. म्हणजे ज्या रंगावर भाळून बोली लावली, तोच आधी खरवडायचा. नंबरप्लेटवरचा वर तोंड केलेला बाणही जातो. मग मोटार वाहन कायद्याचं कलम 52 : कंपनीने जशी गाडी घडवली तिच्यात मनमानी फेरफार चालत नाहीत, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण त्यातल्या कॅराव्हॅनला पलंग, स्वयंपाकघर, संडास हवं. शक्तिमानाचं ॲव्हरेज विचारू नये असा शिष्टाचार त्यात नमूद नाही. आरटीओतलं पासिंग हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

पावसाबद्दल फार लिहायला नको. इथे वर्षाला 5000 मिलिमीटरच्या घरात पडतो. ताडपत्री कुठे गळते ते शोधायला वेगळं पाणी मारावं लागत नाही.

राहिला एक आक्षेप : फिरायचं कुठे? शिवसागर जलाशय, नेहरू उद्यान, नवजाजवळचा ओझर्डे धबधबा पाहायला लोक लांबून येतात. इथल्याने निघून जायचं तरी कुठे? म्हणून सिद्धांत असा की कोयनानगरातला ट्रक-संसार उभाच असावा. उभ्या ट्रकाची बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात, तरीही.

तेव्हा ज्यांना बोली लावायचीच आहे त्यांनी पैशांआधी घरापुढची जागा टेपने मोजावी. वळणाला जागा नसेल तर तो ट्रक परत विकताही येणार नाही.