पगाराचा आकडा छापा

बायोटेकमधल्या नोकरीची कुठलीही जाहिरात बघा. पदवी कोणती हवी, अनुभव किती, तिन्ही शिफ्ट चालतील का, एचपीएलसी यंत्र हाताळता येतं का, सगळं खुलासेवार लिहिलेलं असतं. पगारापुढे मात्र दोनच शब्द: 'कंपनीच्या नियमानुसार'. हा नियम काय आहे ते उमेदवाराला शेवटच्या मुलाखतीत कळतं, आणि तोवर तो नांदेडहून किंवा जळगावहून पदरच्या पैशांनी पुण्यात येऊन बसलेला असतो.

लपवण्याचं कारण उघड आहे. एमएस्सी झालेल्या मुलीला क्वालिटी कंट्रोलमध्ये किंवा फर्मेंटरवर सुरुवातीला साधारण 15 ते 25 हजार रुपये मिळतात. कंत्राटदारामार्फत लागली तर त्याहून कमी. त्याच मुलीने नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची विद्यावृत्ती मिळवली, तर 1 जानेवारी 2023 पासूनच्या दराने महिन्याला 37 हजार, वर घरभाडं, आणि दोन वर्षांनी 42 हजार. शिकताना मिळणारी विद्यावृत्ती पहिल्या पगारापेक्षा मोठी! मग संशोधनाची ओढ नसलेली मुलंही पीएचडीकडे वळतात. पाच वर्षांनी विद्यावृत्ती संपते आणि तिशीला आलेला माणूस पुन्हा फ्रेशर म्हणून रांगेत उभा राहतो. यात त्या मुलांचा काडीचाही दोष नाही.

उद्योगाकडे पैसा नाही, हे ऐकून घेऊ नका. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार 2024 मध्ये देशाची जैवअर्थव्यवस्था 165 अब्ज डॉलरच्या पुढे गेली. 2030 साठी 300 अब्जांचं लक्ष्य ठेवलं आहे. पगार कमी राहतो, कारण आपल्याकडे बहुतेक जागा उत्पादन आणि तपासणीच्या आहेत. त्यांसाठी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, बी.फार्म असे सगळेच चालतात. एक नाही म्हणाला तर मागे दहा उभे. नवं औषध शोधणाऱ्या जागा मोजक्या. रेग्युलेटरी कागदपत्रं, क्लिनिकल ट्रायलचा डेटा, बायोइन्फर्मेटिक्स या कामांत पैसा तुलनेने लवकर वाढतो. पण तीन वर्षं डीएनए वेगळा करायला शिकणाऱ्या मुलाला कॉलेजात ही नावं सांगतं कोण?

कॅलिफोर्नियात 2023 पासून 15 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीला जाहिरातीत पगाराची श्रेणी छापावीच लागते. मॅसॅच्युसेट्सनेही 29 ऑक्टोबर 2025 पासून 25 किंवा त्याहून जास्त माणसांच्या कंपन्यांना तेच बंधन घातलं. अमेरिकेतल्या बायोटेकची दोन मोठी ठाणी याच राज्यांत आहेत आणि आकडे छापल्याने ती ओस पडलेली नाहीत. आज पुण्यातल्या मुलाला बोस्टनच्या कंपनीचा पगार मोबाइलवर दिसतो, हिंजवडीतल्या कंपनीचा दिसत नाही. महाराष्ट्र सरकार उद्योगांना जमीन, पाणी, सवलती देतं. त्या करारातच एक ओळ घाला: पगाराची श्रेणी जाहिरातीत छापली पाहिजे.

कॉलेजांनाही सोडू नये. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत उतरणाऱ्या संस्थांना नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचा मध्यक पगार जाहीर करावा लागतो. पण तो चार वर्षांच्या सगळ्या पदव्यांचा मिळून! कॉम्प्युटरच्या मुलांच्या आकड्याआड बायोटेकची मुलं दिसेनाशी होतात आणि पालक तोच आकडा बघून लाखांत फी भरतात. शाखेगणिक आकडा द्यायला कॉलेजला एक पैसाही खर्च नाही.

आणि तो छापून येईपर्यंत पालकांनो, एवढं करा. फी भरण्याआधी विभागप्रमुखांना भेटा. दोन वर्षांपूर्वी याच शाखेतून बाहेर पडलेल्या चार मुलांशी, त्यांच्या परवानगीने, गाठ घालून द्यायला सांगा. टॉपर नकोत, मधल्या नंबरांचे हवेत. त्या मुलांना दोनच गोष्टी विचारा: हातात किती येतात, आणि नेमणूकपत्रावर कंपनीचं नाव आहे की कंत्राटदाराचं?