नवरा कन्फर्म, नवस वेटिंग

मराठी कुटुंबाच्या सुट्टीच्या सिनेमात सुट्टी औषधापुरतीच असते. बाकी सगळा प्रवास. सचिन पिळगांवकरांनी हे 2004 सालीच ओळखलं होतं. 'नवरा माझा नवसाचा'मधला वक्रतुंड ऊर्फ वॅकी आणि त्याची बायको भक्ती गणपतीपुळ्याला निघतात, ती एसटीनं. कारण असं, की मुलगा झाला तर त्याला नागव्यानं दर्शनाला आणीन, असा नवस बोलला गेला होता आणि तो फेडायचा राहिला. आता तो मुलगा, म्हणजे वॅकीच, घोडा झालेला. पुढचा सगळा गोंधळ एसटीच्या डब्यात, नाना वल्लींच्या संगतीत आणि अशोक सराफ नावाच्या कंडक्टरच्या घंटीवर.

वीस वर्षांनी दुसरा भाग आला. देव तोच, जोडपं तेच, फक्त एसटीच्या जागी कोकण रेल्वे. अशोक सराफ या वेळी टीसी. राज्य सरकारच्या महामंडळातला माणूस थेट केंद्राच्या नोकरीत! इतकी सुरळीत बदली मंत्रालयात चकरा मारूनसुद्धा कुणाची झालेली नाही.

हा दुसरा भाग झळकला 20 सप्टेंबर 2024 ला. त्या वर्षी गणेश चतुर्थी होती 7 सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी 17 ला. म्हणजे गणपतीच्या नवसाचा सिनेमा विसर्जनानंतर तीन दिवसांनी लागला. काही जणांनी नाकं मुरडली. पण गाडी कोकणातली म्हटल्यावर तीन दिवस इकडेतिकडे व्हायचेच.

नवी मुंबईकरांनी हा सिनेमा जरा जास्तच बारकाईनं पाहायला हवा, कारण कोकण रेल्वेचं बिऱ्हाड त्यांच्याच शेजारी आहे. महामंडळाचं मुख्यालय सीबीडी बेलापूरला, बेलापूर भवनात. रोह्यापासून कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंतच्या 741 किलोमीटरच्या मार्गाचा कारभार तिथून चालतो. मात्र ही गाडी बेलापूरला थांबत नाही. थांबायचा प्रश्नच नाही, ती त्या बाजूनं जातच नाही. बेलापूरला येते ती हार्बरची लोकल. मुख्यालयाच्या खिडकीखाली राहणाऱ्या चाकरमान्याला गाव गाठायचं तर ट्रंक, पिशव्या आणि मखराचं सामान घेऊन आधी लोकलनं पनवेल गाठावं लागतं. तिथे गाडी येते ती सीएसएमटी, दादर आणि ठाण्याच्या माणसांना पोटात घेऊन. पनवेलकराला जागा मिळते ती दाराशी, तीही दार आतून उघडलं तर.

त्यामुळे सिनेमातला नागव्याचा नवस इथल्या प्रेक्षकाला सहज पटतो. घशाखाली उतरत नाही ते वेगळंच. गणपतीला जाणाऱ्या गाडीत एवढी सगळी पात्रं ऐसपैस बसलेली? आणि वर नाचायला जागा? पटकथेला थोडी सूट द्यावी लागते म्हणा, पण दिग्दर्शकानं निदान एक माणूस तरी शौचालयाच्या दाराशी वर्तमानपत्र अंथरून बसवायला हवा होता.

अमेरिकेत नाताळच्या सुट्टीवर असाच एक सिनेमा निघाला, 1990 चा 'होम अलोन'. मोठं कुटुंब पॅरिसला जायच्या गडबडीत धाकट्या पोराला घरीच विसरतं. 1992 मध्ये दुसरा भाग आला आणि पोरगं पुन्हा हरवलं. नेरूळच्या प्रेक्षकाला यातलं काही झेपत नाही. पोराला विसरणार कसं? निघताना आई तीनदा डोकी मोजते. आपल्याकडे माणूस घरी राहतो तो चार्टमुळे.

नेरूळचं सात माणसांचं कुटुंब घ्या. ऑनलाइन एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. सातव्याचं तिकीट वेगळं काढायचं. 2024 साली आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं, म्हणजे सप्टेंबरच्या गणपतीसाठी मे महिन्यात, आंब्याची पेटी फोडता फोडता, सकाळी आठच्या ठोक्याला सगळ्यांनी आपापला मोबाइल घेऊन बसायचं. आठ वाजून गेले की सहाजणांचं तिकीट निघतं, आणि सातव्याचा नंबर लागेपर्यंत तो वेटिंगमध्ये तीन आकड्यांत गेलेला असतो. सहाजणांच्या तिकिटावर निम्मे कन्फर्म झाले तर उरलेल्यांना त्यांच्यासोबत निदान गाडीत चढता येतं. एकट्याचं वेटिंग तिकीट मात्र चार्ट तयार झाला की आपोआप रद्द होतं, पैसे खात्यात परत. म्हणूनच आधी कुलदैवत, सुतक, ऑफिसची रजा आणि गुडघेदुखी यांचा हिशेब मांडून त्या सातव्या तिकिटावर कोण, हे ठरतं. बहुधा जावई. इथे खरा मराठी 'होम अलोन' सुरू होतो, आणि त्यात चोर यायचीही गरज नसते.

पुढे 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेनं 120 दिवसांचे 60 दिवस केले. आता वेटिंगसाठीचं वेटिंग अर्ध्यावर आलं आहे.

'झिम्मा' या सिनेमानं या कटकटीतून पळवाट शोधली. 2021 साली हेमंत ढोमे यांनी सात बायकांना घराबाहेर काढलं ते थेट इंग्लंडला, आणि 2023 च्या दुसऱ्या भागातही गाडी पुन्हा इंग्लंडातच गेली. कुटुंबाची सुट्टी हवी तर कुटुंब घरी ठेवावं. युक्ती नामी होती, पण गणपतीत ती चालत नाही. तिथे बाप्पा रुसेल की आत्या, याचा भरवसा नसतो.

'नवरा माझा नवसाचा'च्या दुसऱ्या भागाच्या पहिल्या दिवशी योगायोगानं राष्ट्रीय चित्रपट दिन होता. देशभरातल्या कितीतरी मल्टिप्लेक्समध्ये तिकीट 99 रुपये. चाकरमानी गावाहून नुकताच परतलेला, पाठ अजून आखडलेली. मोबाइल उघडला, सातही खुर्च्या एका रांगेत मिळाल्या, त्याही दोन मिनिटांत. पडद्यावर गाडी सुटली, आणि थिएटरात कुणी ना कुणी आजोबा विचारणारच, "ही गाडी नक्की कुठली रे? पनवेलला हाल्ट आहे का हिला?"

तिसरा भाग निघालाच, तर एसटी झाली, रेल्वे झाली, आता रस्ता उरला. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, आणि 2025 च्या गणपतीतही ते पुरं झालेलं नव्हतं. त्या 2011 साली पनवेलच्या एखाद्या बापानं हौसेनं नवस बोलला असेल, की रस्ता झाला की पोराला नागव्यानं पुळ्याला नेईन. पोराला आता मिसरूड फुटायला आलंय, आणि तो रोज सकाळी आईला विचारतो, पळस्प्याच्या पुढे काम कुठवर आलंय.