निवृत्त संपकरी

विमानतळाच्या फलकावर आपल्या उड्डाणापुढे ‘रद्द’ उमटलं की रांगेतले बाकीचे प्रवासी कपाळाला हात लावतात. काका मात्र चष्मा वर सरकवून पहिला प्रश्न टाकतात, “संपाची नोटीस किती दिवसांची दिली होती?”

काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. हयात काउंटरच्या आतल्या बाजूला गेली, आणि त्यातली निम्मी युनियनच्या कामात. आता मुलगी जर्मनीत, तिचं बाळंतपण तोंडावर आलेलं, म्हणून काका-काकू दोघं निघालेली. बॅगांत डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट आणि जुन्या सुती लुगड्याची दुपटी. २३ किलोंच्या वर एक छटाकही जाऊ नये म्हणून दोन्ही बॅगा घरी ताणकाट्याला टांगून पाहिलेल्या. लाडूंचा एक डबा त्या तपासणीत नापास होऊन काकूंच्या हातातल्या पिशवीत आलेला.

काकांचा संपाला विरोध नाही. असणार कोणत्या तोंडाने? त्यांची तक्रार आहे ती संपाच्या दर्जाबद्दल. “गेट मीटिंग नाही, काळ्या फिती नाहीत, साधी घोषणा नाही! मोबाइलवर मेसेज आला की झाला संप?” शिवाय संपकरी कुठे तरी युरोपात, आणि इथे मुंबईत काउंटरवर जी मुलगी दोनशे माणसांच्या शिव्या खाते आहे तिचा पगार तिसरीच कंपनी देते. काकांनी ही माहिती तिच्याकडूनच काढली. मग तिला तुमची युनियन आहे का, पीएफ वेळेवर भरतात का, हेही विचारून घेतलं. मागची रांग तोवर ताटकळलेली. “अहो, आपल्या तिकिटाचं विचारा,” असं काकूंनी म्हटल्यावर काका भानावर आले.

देशोदेशीचे संप काका क्रिकेटच्या सामन्यांसारखे लक्षात ठेवतात. २०१२ साली एअर इंडियाचे वैमानिक ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणावरून ५८ दिवस संपावर होते, त्यावर काकांचा अभिप्राय, “लांबला. बाहेर पडायची वाट आधी ठरवून मग आत शिरावं. गिरणी संपाने हेच तर शिकवलं.” २ सप्टेंबर २०२२ला लुफ्थान्साच्या वैमानिकांनी एक दिवस काम बंद ठेवलं, सुमारे ८०० उड्डाणं रद्द झाली आणि दिल्लीच्या टर्मिनल ३वर सातशेच्या आसपास प्रवासी अडकले. हे सांगताना काकांच्या आवाजात प्रवाशांविषयी कळवळा असायला हवा, पण येतो तो हेवा. “एका दिवसात! आम्हाला नुसतं क्लिअरिंग तुंबवायला तीन दिवस लागायचे.” आणि ७ मार्च २०२४ला जर्मनीत विमानतळावरचे कर्मचारी आणि रेल्वेचे चालक एकाच दिवशी संपावर गेले, तेव्हा मुलीने फोनवर रडकुंडीला येऊन सांगितलेली ती बातमी काकांनी जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर ‘याला म्हणतात एकजूट’ अशा शेऱ्यासह टाकली होती.

एकच प्रकार त्यांना बिलकूल खपत नाही, तो म्हणजे सगळ्यांनी मिळून आजारी पडण्याचा. सप्टेंबर २००९मध्ये जेट एअरवेजचे वैमानिक असे आजारी पडले, मे २०२४मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसचे केबिन कर्मचारी. काकांना कारण ठाऊक आहे. विमानसेवा ही २०२५पर्यंत कायद्याने सार्वजनिक उपयुक्ततेची सेवा होती. तिथे आधी नोटीस द्यावी लागते, आणि समेटाची बोलणी सुरू असताना संप केला तर तो बेकायदा ठरतो. तापाला नोटीस लागत नाही. “पण ही काय रीत झाली? संप छाती काढून करायचा असतो, थर्मामीटर लावून नव्हे!” शेजारच्या तरुण वकिलाने त्यांना सांगितलं, की २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा हा संपच मानला आहे. काका क्षणभर गप्प झाले. मग चेहरा उजळला. “किरकोळ रजा ना? आजारपणाची कुठे म्हटलीय?” स्वतःचं विमान बुडालेला माणूस वैमानिकांसाठी पळवाट शोधून देताना पाहणं हा विमानतळावरचा दुर्मीळ योग आहे.

तेवढ्यात जावयाचा मेसेज आला. आपल्याकडच्या नियमांत संप ही असाधारण परिस्थिती. पर्यायी विमान किंवा परतावा मिळेल, भरपाईचं नाव काढायचं नाही. युरोपच्या न्यायालयाने मात्र २०२१मध्ये सांगून ठेवलं आहे, की कंपनीच्याच कर्मचाऱ्यांनी पगारवाढीसारख्या मागण्यांसाठी केलेला संप असाधारण नव्हे, तो धंद्याचा भाग झाला. युरोपीय कंपनीचं मुंबईहून तिकडे जाणारं विमान त्या नियमात बसतं. एवढ्या लांबच्या प्रवासाला माणशी ६०० युरो! फक्त चौदा दिवस आधी कळवलेलं नसावं.

काकांनी मेसेज दोनदा वाचला. “नोटीस दिली नाही तेच बरं झालं,” ते हळूच म्हणाले.

इथून पुढे काका कामाला लागतात. ई-तिकिटाच्या पाठकोऱ्या कागदावर नावं आणि पीएनआर उतरवले जातात, ग्रुप निघतो, पाच जणांचं शिष्टमंडळ ठरतं. सोमवारी ज्याचं सेमिस्टर सुरू होतंय तो मुलगा खजिनदार होतो. कसला खजिना, ते कुणी विचारत नाही. मागण्या तीन: खाणं, हॉटेल आणि पर्यायी विमान. खाण्याच्या कुपनावर एक गारढोण सँडविच मिळतं, म्हणून काकू तो नापास डबा उघडतात आणि आख्खं शिष्टमंडळ डिंकाच्या लाडवांवर तुटून पडतं. बाळंतिणीच्या वाट्याचे लाडू असे संपकाळात कामी येतात. ट्रॉलीच्या कडेवर बसून चपलेतून सुजलेला पाय मोकळा करत काकू विचारतात, “तुमच्या संपात ती पेन्शनवाली म्हातारी माणसं यायची, ती कुठे बसायची हो?” काकांना नेमका तेव्हाच फोन येतो.

मध्यरात्र उलटेपर्यंत समितीत फूट पडलेली असते. परताव्यावाले एका खांबापाशी, पर्यायी विमानवाले दुसऱ्या, आणि दोन्ही गट एकमेकांना कंपनीचे हस्तक म्हणतात. शिष्टमंडळ आत जाऊन येतं. काउंटरवरच्या मुलीने पीएफची चौकशी करणाऱ्या या एकुलत्या एका प्रवाशाला लक्षात ठेवलेलं असतं. उद्या पहाटेच्या दोहामार्गे जाणाऱ्या विमानात दोन जागा निघतात. दोनच.

काका बाहेर येतात, घसा साफ करतात आणि जाहीर करतात, “मित्रहो, आपल्या मागण्या तत्त्वतः मान्य झाल्या आहेत.”

“कुणाकुणाच्या?” खजिनदार विचारतो.

“टप्प्याटप्प्याने,” काका म्हणतात आणि ट्रॉली वळवतात.