हात बघणारे

अमेरिकी मंडळी वेग मोजायचं यंत्र घेऊन भारतभर बेसबॉलचा हात शोधत हिंडली. 2008 मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंशी पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने पिचर म्हणून करार केला. बीडला यंत्र कशाला? इथे ऊसतोडीचा मुकादम आहे. दसऱ्याआधी तो दारात येतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो. करारावर सही करून पिचरला मिळालेले पैसे पिचरचेच. उचल मात्र उसाच्या मोळ्या बांधून फेडायची, फिटली नाही तर पुढच्या हंगामात. याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या धावपटू अविनाश साबळेची स्टीपलचेसची चाल ओळखली गेली, ती लष्करात गेल्यावर. मुकादमाने तांड्यावरच्या पोरांची मनगटं लष्कराच्या आधीच बघून ठेवलेली असतात.