रुंदीखात्याच्या साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
माननीय डब्ल्यूसीविड्थ साहेब,
रुंदी निर्धारण कक्ष, सी लायब्ररी (तळमजला).

विषय : चौकटीच्या रेषा, चिनी-जपानी अक्षरं, इमोजी आणि देवनागरी मंडळी यांना टर्मिनलच्या पडद्यावर घरं मिळण्याबाबत.

सा. न. वि. वि.

आपल्या मितभाषीपणाला आधी मुजरा. कुणीही एक अक्षर घेऊन आपल्या टेबलापाशी यावं आणि आपण मान वर न करता एक आकडा सांगावा. बहुतेकांना एक घर. काहींना दोन. काहींना शून्य. आणि चेहरा ओळखीचा नसेल तर वजा एक. कारण सांगणं नाही, अपील नाही, फेरतपासणी नाही. इतक्या कमी शब्दांत इतक्या लिप्यांची अडचण करून ठेवणारा अधिकारी आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

काम नाजूक आहे, हे मान्य. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २४ ओळी, म्हणजे १,९२० घरं. ऐंशीचा आकडा आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रांच्या कार्डावरून आला; कार्डं रद्दीत गेली, आकडा राहिला. एका घरात एक अक्षर, हा मूळचा कायदा. मिडनाइट कमांडर, एचटॉप, व्हिम ही मंडळी याच घरांत संसार थाटतात. गंमत अशी की यांतला कुठलाही प्रोग्रॅम सहसा पडद्याकडे बघत नाही. तो लिहीत सुटतो आणि मनातल्या मनात हिशेब ठेवतो की इतकी अक्षरं टाकली, म्हणजे कर्सर आता बाविसाव्या घरात असणार. हा हिशेब तो आपल्या शब्दावर करतो. प्रत्यक्ष अक्षर काढणारं टर्मिनल मात्र निराळा प्रोग्रॅम, बरेचदा निराळ्या मशीनवर, आणि त्याच्या खिशात रुंदीचा स्वतःचा तक्ता. दोघांचे आकडे जुळले तर ठीक. एका घराचा फरक पडला की त्या ओळीतलं पुढचं सगळं सरकतं, चौकटीची उजवी भिंत वाकडी होते आणि पुसलेल्या अक्षरांचे तुकडे पडद्यावर तसेच पडून राहतात.

रेषांचं प्रकरण आपल्या कारकिर्दीच्या आधीचं आहे, पण फाइल फिरत फिरत आपल्याच टेबलावर आली आहे, म्हणून मुळापासून सांगतो. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं व्हीटी-१०० बाजारात आलं. त्याला चौकटी आखता येत होत्या, पण सात बिटांत रेषांसाठी नव्या जागा कुठून काढणार? म्हणून इंग्रजीच्या छोट्या अक्षरांकडेच अतिरिक्त कार्यभार सोपवला. एस्केप, उघडा कंस, शून्य एवढं पाठवलं की क्यू म्हणजे आडवी रेघ, एक्स म्हणजे उभी, आणि एल, के, एम, जे हे चार कोपरे. एस्केप, कंस, मोठा बी पाठवला की सगळे आपापल्या मूळ पदावर रुजू. आदेश मधल्या मध्ये गहाळ झाला, तर देखण्या चौकटीऐवजी ‘एल क्यू क्यू क्यू क्यू के’ अशी रांग उभी राहते. आणि आदेश नको तेव्हा पोचला, म्हणजे कुणी एखादी बायनरी फाइल पडद्यावर ओतली, तर प्रॉम्प्टमधलं आपलं स्वतःचं नावसुद्धा रेघोट्यांत दिसू लागतं. मग काय टाइप करतोय ते न वाचता ‘रीसेट’ टाइप करायचं आणि एंटर दाबायचं, हे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे तोंडीच जातं.

१९८१ च्या आयबीएम पीसीने हा कारभार सुधारला. तिच्या ४३७ क्रमांकाच्या कोडपेजात रेषांना वरच्या मजल्यावर, १२७ च्या पुढे, कायम जागा मिळाल्या. १७९ वर उभी रेघ, १९६ वर आडवी. कोपरे २१८, १९१, १९२ आणि २१७ वर. डॉसच्या जमान्यात पडद्यावर दुहेरी रेषांच्या ज्या चौकटी दिसायच्या, त्या याच शेजारपाजारातल्या. आता योगायोग पाहा. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली इस्की ही संकेतप्रणाली प्रमाणित केली. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डांनी डॉसच्या पडद्यावर भारतीय लिप्या आणल्या, त्या इस्कीच्याच जोरावर. आणि इस्कीची अक्षरंही नेमकी वरच्याच मजल्यावर राहायला आली. १७९ वर क. १९६ वर द. १९१ वर ड, १९२ वर ढ, २१८ वर काना. एकाच जमिनीचे दोन सातबारे! डॉसची चौकट इस्कीच्या नजरेने वाचली तर वरच्या डाव्या कोपऱ्यात एक निराधार काना, त्यापुढे ‘दददददद’, शेवटी ड. दोन्ही बाजूंच्या भिंती क-क-क अशा रचलेल्या. खालची कड ढ पासून सुरू होते आणि उजवा कोपरा सापडतच नाही, कारण २१७ वर इस्कीने एक अदृश्य अक्षर बसवलेलं आहे. आमच्या लिपीचं आणि चौकटीचं भांडण किती जुनं आहे, हे आपल्या ध्यानात यावं म्हणून एवढा तपशील.

युनिकोडने हा जागेचा तंटा मिटवला. रेषांना १२८ जागांची स्वतंत्र वसाहत दिली. पण यूटीएफ-८ मध्ये एकेक रेघ तीन बाइटांची झाली, आणि समोरच्याने ते तीन बाइट म्हणजे तीन अक्षरं असं धरलं की रेघेच्या जागी डोक्यावर टोपी घातलेला ए आणि त्याच्यामागे दोन अनोळखी इसम अशी वरात निघते. शिवाय यूटीएफ-८ मध्ये असताना लिनक्सचं कन्सोल आणि जीएनयू स्क्रीन व्हीटी-१०० चा तो जुना एस्केप-कंस-शून्य आदेश ऐकतच नाहीत. प्रोग्रॅमांना पडदा आखून देणाऱ्या एनकर्सेस लायब्ररीला हे ठाऊक आहे, म्हणून ती तिथे सरळ युनिकोडच्या रेषा पाठवते. असं न ऐकणारं आणखी कुणी भेटलं तर ‘एनकर्सेस नो यूटीएफ-८ एसीएस’ या लांबलचक नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहेच. त्याखेरीज नावाच्या शेवटी डब्ल्यू असलेली, रुंद अक्षरांची वेगळी एनकर्सेस जोडा, पडदा उघडण्याआधी सेटलोकेल म्हणा, लोकेल स्वतः यूटीएफ-८ चं आहे ना ते बघा. एक कागद कमी असला तर खिडकीवरून परत.

आता रुंद मंडळी. चिनी किंवा जपानी चित्राक्षर एका घरात मावत नाही, म्हणून आपण त्याला दोन देता. आमची हरकत नाही, हेवा नाही. (थोडा आहे.) दोन घरांच्या मालकालाही सुख नाहीच. ऐंशीव्या घरापाशी पोचला की त्याला पुढच्या ओळीत जावं लागतं आणि मागे एक घर ओसाड राहतं. त्याच्यावर एखादी छोटी खिडकी उघडली आणि तिची डावी भिंत बरोबर त्याच्या दुसऱ्या घरावर आली, तर पहिलं घरही मोकळं करावं लागतं, कारण अर्धं चित्राक्षर कुणालाच ठेवता येत नाही. आणि रेषांचं काय? पूर्वेकडच्या रुंदीबद्दल युनिकोडचं परिशिष्ट ११ आहे, त्यात सहा वर्ग आहेत आणि त्यांतल्या एकाचं नावच ‘संदिग्ध’. चौकटीच्या बहुतेक रेषा या वर्गात. जपानच्या जेआयएस मानकाने १९८३ मध्ये रेषांना जागा दिली ती चित्राक्षरांच्याच रांगेत, तेवढ्याच रुंदीची. त्यामुळे तीच रेघ पुण्यात एका घराची आणि तोक्योच्या जुन्या टर्मिनलवर दोन घरांची. जी चौकट सगळ्यांची मापं सरळ ठेवायला उभी केली, तिचंच माप नक्की नाही. हा वर्ग ज्यांनी काढला त्यांच्या प्रामाणिकपणाचं मात्र कौतुक वाटतं. सरकारी कागदावर ‘आम्हाला ठरवता येत नाही’ असं सहसा कुणी लिहीत नाही.

इमोजींचं थोडक्यात. २०१६ साली युनिकोड ९ आलं आणि बहुतेक इमोजी एका रात्रीत एका घरातून दोन घरांत गेले. नव्या लॅपटॉपवरून जुन्या सर्व्हरवर लॉगिन करणाऱ्याला हे वर्ष ठाऊक नसलं तरी त्याची फळं त्याने चाखलेली असतात. सर्व्हर म्हणतो एक, लॅपटॉप काढतो दोन, आणि बॅकस्पेस दाबला की भलतंच अक्षर पुसलं जातं.

आता आमची फाइल.

‘महाराष्ट्र’ घ्या. यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट. युनिकोडचे १० क्रमांक. मराठी माणसाच्या हिशेबाने चार अक्षरं : म, हा, रा, ष्ट्र. आपल्या प्रचलित तक्त्याप्रमाणे घरं आठ. सहा व्यंजनांना एकेक, दोन कान्यांना एकेक, पाय मोडल्याच्या दोन खुणांना शून्य. म्हणजे एकटा ष्ट्र तीन घरं अडवतो. टर्मिनलला जोडाक्षर काढता येत नसेल तर तो ‘ष्‌ट्‌र’ असा लंगडत तीन घरांतून जातो. काढता येत असेल तर एकत्र येऊन दाटीवाटीने बसतो आणि मागची घरं रिकामी पडतात. दोन्हीकडून भिंत वाकडीच.

स्वरचिन्हांतला आपला न्याय तर अभ्यासण्यासारखा. उकाराला शून्य, मात्रेला शून्य, पण कान्याला एक आणि वेलांटीला एक. युनिकोड ज्या चिन्हांना जागा अडवणारी म्हणतं त्यांना घर, बाकीच्यांना अक्षराच्या डोक्यावर नाहीतर पायाशी आसरा. ठीक. पण पहिली वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते आणि काढताना व्यंजनाच्या आधी. आपण तिला व्यंजनाच्या उजवीकडे तिचं स्वतःचं घर देता. जे टर्मिनल अक्षरांची जुळवाजुळव करत नाही, ते तिला तिथेच काढतं आणि तिची कमान पुढच्या अक्षरावर जाते. मिरजेचं ‘मरिज’ होतं. नाशिकचं ‘नाशकि’. ‘रवि’सारख्या शब्दात पुढे अक्षरच नसतं, तेव्हा वेलांटी थेट चौकटीच्या भिंतीला कवेत घेते. ‘रवी’ असं दीर्घ लिहा, असा सल्ला शुद्धलेखनवाले कधीपासून देतच आहेत. त्यांना इथून पाठिंबा मिळेल असं कुणाला वाटलं नसेल.

या सगळ्याचं मूळ असं की आपण एका वेळी एकाच क्रमांकाला भेटता. ष आला, आकडा घेऊन गेला. पाय मोडल्याची खूण आली, गेली. ट आला, गेला. हे सगळे एका घरचे आहेत, हे आपल्याला कळायला वावच नाही. आपले बंधू डब्ल्यूसीएसविड्थ पूर्ण शब्द तपासतात असं ऐकून त्यांच्याकडेही गेलो. त्यांनी एकेकाला आपल्याच टेबलाकडे धाडलं आणि शेवटी बेरीज हातात ठेवली. इमोजीतल्या आई-बाबा-मुलीचंही हेच. तिघांचं मिळून एक चित्र, दोन घरांचं. कागदोपत्री सहा घरं. युनिकोडने २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षर हे अखंड एकक मानायचा नियम केला. अंकलिपी गिरवणाऱ्या पोराला ते आधीच माहीत होतं, पण असो, नोंद झाली. त्या अखंड एककाला घरं किती, यावर तो नियम गप्प आहे.

आमची मागणी फार नाही. आपण आकडे सांगणं थोडं कमी करावं आणि लोकांना टर्मिनललाच विचारायला पाठवावं. विचारायची सोय आहे. एस्केप, चौकोनी कंस, सहा, एन एवढं पाठवलं की टर्मिनल कर्सरची ओळ आणि स्तंभ कळवतं. ही सोय व्हीटी-१०० पासूनची. अक्षर छापा, विचारा, फरक मोजा. खरी रुंदी हातात. व्हिम हेच करतं. सुरू होताना एक संदिग्ध अक्षर हळूच पडद्यावर टाकतं, कर्सर कुठे पोचला ते विचारतं आणि मग आपलं मत बनवतं. प्रत्येक अक्षरासाठी असं करणं परवडणार नाही, हेही कबूल. दूरच्या सर्व्हरवर एकेका प्रश्नाला एक येरझार, आणि उत्तर कीबोर्डच्याच वाटेने आत येत असल्यामुळे टाइप केलेल्या मजकुरात मिसळायची भीती. पण लिपीगणिक एकदा तरी विचारायला काय हरकत आहे? पंचेचाळीसहून अधिक वर्षं जो साक्षीदार दाराशी उभा आहे, त्याची साक्ष न घेता निकाल देण्यात कसली शिस्त?

अर्ज निकालात निघेपर्यंत आम्ही आमच्यापुरती तोड काढली आहे. तक्ता छापताना मराठीचा रकाना सगळ्यात शेवटी ठेवतो आणि उजवी भिंत बांधतच नाही. भिंत हवीच असा कुणी हट्ट धरला, तर ओळ संपल्यावर काही न मोजता कर्सरला थेट ऐंशीव्या घरात जायला सांगतो (एस्केप, चौकोनी कंस, ८०, मोठा जी) आणि तिथे रेघ मारून मोकळे होतो. मधल्या घरांत कोण किती जागा अडवून बसलंय, याची चौकशी आम्ही करत नाही. आपणही करत नाही. निदान एवढ्या बाबतीत आपलं एकमत आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक मराठी टर्मिनलवासी

प्रत :
१. सर्व टर्मिनल एम्युलेटर, उचित कार्यवाहीसाठी.
२. २०१६ पूर्वीचे तक्ते जपून ठेवणारे सर्व जुने सर्व्हर, केवळ माहितीसाठी. कार्यवाहीची अपेक्षा नाही.