मणकेकाका

मणकेकाका ओळख करून देताना आडनावाआधी मणका सांगतात. "एल फोर-एल फाइव्ह." समोरचाही त्याच जातकुळीतला असला की लगेच उत्तर येतं, "आमचं एल फाइव्ह-एस वन." मग एका गावचे निघाल्यावरही जमली नसती अशी दोघांची गट्टी जमते. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, वजन नव्वदीच्या फक्त पलीकडे. घरी गेलात तर चहाआधी एमआरआय येतो. ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून ते नेमकी चकती दाखवतात. आपल्याला काही दिसत नाही, आपण "अरे बापरे" म्हणायचं.

कंबर धरली ती गॅसचा सिलिंडर उचलताना, हे अधिकृत निवेदन. काकूंच्या मते, सोफ्याखाली गेलेला रिमोट काढताना.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, "काका, दहा किलो तरी उतरवा." इथून घोळ सुरू झाला. वजन उतरल्याशिवाय कमरेला आराम नाही आणि कमरेला आराम पडल्याशिवाय व्यायाम नाही. ही फाइल तेव्हापासून दोन खात्यांत फिरते आहे आणि दोन्हीकडचे साहेब काकाच असल्यामुळे सही कुठेच होत नाही.

दुखणं खोटं नाही, बरं का. शिंक येणार असं वाटलं की हा धिप्पाड माणूस आधी भिंत गाठतो, दोन्ही तळवे टेकतो, डोळे मिटतो आणि मग शिंकतो. त्या वेळी हसू येत नाही.

हसू येतं ते पट्ट्याचं. डॉक्टरांनी दिलेला कमरेचा पट्टा काका निष्ठेने बांधतात आणि जेवायला बसताना तितक्याच निष्ठेने सोडतात. 'चर्रर्र' आवाज झाला की काकू पोळ्या वाढायला घेतात. नवा होता तेव्हा त्याची टोकं एकमेकांवर वीतभर चढायची. आता बोटभर चढतात. काकांचं मत, पट्टा धुऊन आटला.

आहाराबाबत काका सर्वपक्षीय आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि 55 मिनिटांत उरका. काका दोनदा जेवतात. फक्त 55 मिनिटं ही मर्यादा नसून किमान मुदत आहे, अशी त्यांची समजूत आहे. मधल्या वेळात ते ऋजुता दिवेकरांचे: थोड्या थोड्या वेळाने खा, तुपाला घाबरू नका. चतुर्थीला दोघांनाही सुट्टी, कारण साबुदाण्याची खिचडी.

फिजिओथेरपिस्ट मुलगी नातीच्या वयाची. तिने ओणवं होऊन पाठ वरखाली करायला शिकवलं, उताणं झोपून कंबर उचलायला शिकवलं. काकांनी त्यातलं उताणं झोपणं तेवढं आत्मसात केलं. पूर्वी पाठ धरली की आठवडेच्या आठवडे फळीवर पडून राहायला सांगत. आता डॉक्टर म्हणतात, एक-दोन दिवस पुरे, मग हिंडते-फिरते राहा. काका या बाबतीत परंपरेचे अभिमानी आहेत.

तरी ते चालतात. अर्धा तास सपाटीवर चाललं की जेमतेम सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात; एक वडापाव तीनशेच्या घरात. काकांचा रस्ता वडापावच्या गाडीपाशी संपत असल्यामुळे हिशेब रोज अंगावर येतो.

एकदा मी त्यांना धीर द्यायला गेलो. म्हटलं, काका, अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले, निम्म्याहून अधिक लोकांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. 1994 साली छापून आलंय. तेव्हा फिल्म बघून घाबरायचं कारण नाही. काका घाबरले नाहीत, दुखावले. एखाद्याची जहागीर खालसा करावी तसा चेहरा झाला. "त्यांची वेगळी, आमची वेगळी," म्हणाले आणि फिल्म पाकिटात घातली.

तुमच्या सोसायटीतही असे एखादे काका असतील. त्यांना "कशी आहे कंबर?" असं बाकावर बसून विचारू नका. "चला, एक चक्कर मारू" म्हणा आणि मग विचारा. उत्तर अर्ध्या तासाच्या आत संपत नाही. फक्त वडापावची गाडी ज्या दिशेला नाही, तिकडे वळा.