कारणे दाखवा

बोईसरात ज्याला चालायला जायचं नाही, त्याला कारणांचा तुटवडा कधी पडत नाही. पावसाळ्यात पाऊस, उन्हाळ्यात घाम. चिल्हार रस्त्याला कंटेनर, गल्लीत कुत्री. आणि वारा तारापूर एमआयडीसीकडून फिरला की दीर्घ श्वास घ्या म्हणणाऱ्या योगगुरूनेही आधी खिडकी लावून घ्यावी. 2018 च्या केंद्रीय प्रदूषण निर्देशांकात तारापूरला 93.69 गुण पडले आणि देशात पहिला नंबर आला. इतके मार्क आमच्या घरात कुणाला कधी पडले नव्हते. तेव्हापासून संध्याकाळी घरात लोळत पडणं ही आळशीपणाची नव्हे, तर सुजाण नागरिकाची खूण आहे, असं आमच्या ह्यांचं ठाम मत झालं.

तसं चालायला जागा नाही असं नाही. कोळगावला 2021 साली पालघरचं जिल्हा मुख्यालय उभं राहिलं आणि रुंद, मोकळे रस्ते आले. माझी नणंद रोज सकाळी जिल्हाधिकारी कार्यालयाला वळसा घालून येते. "काही काम नसताना सरकारी कचेरीच्या चकरा मारणारी जिल्ह्यात मी एकटीच," असं अभिमानाने सांगते. आम्हाला नवापूरचा किनारा आहे, चिंचणीचा आहे. पण तिथे वाळूत चालायचं तर ओहोटी हवी. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज संध्याकाळी सहाला ओल्या, घट्ट वाळूवर मस्त चालता येतं. पुढच्या आठवड्यात त्याच सहाला तिथे पाणी. समुद्र तिन्ही पाळ्या करतो आणि हे फक्त जनरल शिफ्ट. जमायचं कसं?

शिवाय किनाऱ्यावर चालायला जायचं म्हणजे आधी बाईक काढायची. पेट्रोल जाळून चालायला जाणं ह्यांना तत्त्वतः मान्य नव्हतं. मला मान्य होतं, पण माझाही हिशेब काही फार बरा नाही. नवापूरच्या बाजूला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत टाकलेले असतात. त्यांच्या जवळून हात हलवत परत येण्याएवढी विरक्ती माझ्यात नाही. दोनशे ग्रॅम घटवायला जावं आणि पिशवीत किलोभर सुकट घेऊन यावं, असं चाललेलं.

मग पलंगाखाली सरकणारं चालायचं मशीन आलं. उंचीला जेमतेम टीचभर, हँडल नाही, हातात एक रिमोट. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं व्यायाम सांगते. ह्यांनी पहिल्या आठवड्यात तेवढी मिनिटं नक्की भरली: मशीनच्या पट्ट्याखाली सिलिकॉन तेल कसं घालायचं, याचे व्हिडिओ बघण्यात. मग एका रविवारी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, पट्टा एका बाजूने उचलला आणि बाटलीचं नळकांडं आत घालून नागमोडी धार सोडली. तेल मोजकंच घालायचं असतं. पण ह्यांचा हात प्लँटमधला. थोडक्यात भागत नाही. पुढचे काही दिवस मशीनवर पाऊल ठेवलं की आतला रूळ फिरत राहायचा आणि पट्टा जागेवरच घसरायचा.

पट्टा ताळ्यावर आला आणि हे खरंच चालू लागले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू पदर खोचून जिन्यात उभ्या. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा त्या तिकडेच माहेरी होत्या. त्यामुळे त्यांचा कान तयार. "अहो, बाहेर या सगळे! फॅन हलतोय आमचा!" चार बिऱ्हाडं खाली उतरली. वर हे ताशी चार किलोमीटरने निवांत चालत होते. पुढे काकूंनी वेळ ठरवून घेतली. साडेसात ते आठमध्ये हादरा बसला तर तो आमचा, बाकीचे सरकारी.

जागच्या जागी चालणं ही एकेकाळी शिक्षाच होती. 1818 साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज अभियंत्याने कैद्यांसाठी पायचक्की काढली. तासन्‌तास चढायचं आणि पोचायचं कुठेच नाही. शतक संपता संपता ब्रिटनने ती शिक्षा बंद केली. पण त्या कैद्याची एक सोय होती: शिव्या घालायला जेलर होता. घरातल्या मशीनवर ती सोयसुद्धा नाही. त्याला पाऊस लागत नाही, कंटेनर आडवा येत नाही, कुत्रं भुंकत नाही. हे कामावरून आले की ते पलंगाखालून बारीक लाल दिवा लावून बघत असतं: कारणे दाखवा. एकदा वीज गेली तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर मी जो आनंद पाहिला, तो दिवाळीच्या बोनसलाही पाहिला नव्हता.

शेवटी ह्यांना एक बिनतोड उत्तर सापडलं. "मशीनवर चालणं म्हणजे काय चालणं? मोकळी हवा हवी!" ज्या तारापूरचा प्रदूषणात देशात पहिला नंबर आला होता, तिथलीच. पण म्हणाले आणि शब्दाला जागले. आता रोज चहा झाला की बूट घालतात, पलंगाकडे न बघता दार ओढून घेतात आणि पाऊण तासाने घामाघूम होऊन परत येतात. पावसात छत्री घेऊन जातात. कंटेनर असले की गल्लीगल्लीतून जातात. कुत्र्यांशी ओळख झाली आहे. वजन उतरलं, पँटच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

परवा काकूंनी जिन्यात गाठलं. "आमच्या ह्यांनाही घ्यावं म्हणते मशीन. उपयोग होतो का गं?"

"होतो तर," मी म्हटलं. "फक्त रोज संध्याकाळी पलंगाखालून अर्धं बाहेर ओढून ठेवायचं."